मी सही केली नाही

आज सकाळी शेजारचे दोघे दारात आले. हातात पॅड, पॅडवर सह्यांचा कागद. गल्लीच्या टोकाला रिकामी पडलेली इमारत आहे, तिथे बेघर माणसांसाठी खोल्या करायचं घाटतंय, त्याला विरोध करायचाय. कागदावर सगळ्यात वर ठळक अक्षरांत 'महिला व मुलांच्या सुरक्षिततेसाठी'. खाली सह्याच सह्या. त्यातली काही नावं वाचून पोटात कालवलं. रात्री-अपरात्री हाक मारली तर धावून येणारी माणसं आहेत ती.

मी म्हटलं, मी सही करणार नाही. तर त्यातले एक अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, गरिबांच्या विरोधात आम्ही नाही हो. पण ती माणसं वेगळी असतात. घर दिलं तरी टिकत नाहीत."

वेगळी असतात म्हणे! दुपारपर्यंत मी स्वतःची समजूत घालत होते, जाऊ दे, रोज तोंडं बघायचीत, कशाला वाकड्यात शिरायचं. पण नाही जमत. लिहायला बसलेय आणि लांबणार आहे. वाचा.

माझी पहिली नोकरी छापखान्यातली. तिथे एक काका प्रूफं तपासायचे. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक लाल आणि एक निळं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मजकुरात एक काना इकडचा तिकडे व्हायचा नाही. मला प्रूफं तपासायला त्यांनीच शिकवलं. "अगं, वाक्य वाचू नकोस, अक्षरं वाच. वाक्य वाचायला लागलीस की डोळे फसवतात." असा माणूस.

हे काका पुढे रस्त्यावर आले.

कसे आले? लोकांना वाटतं तसं काही घडलं नाही. काकूंच्या आजारपणात साठवलेलं गेलं. काकू गेल्या. छापखाना बंद पडला. भाड्याची खोली मालकाला विकायची होती, त्याने रिकामी करून मागितली. त्याचंही चुकलं म्हणता येत नाही, खोली त्याची. नवीन खोलीचं भाडं आणि आगाऊ रक्कम काकांच्या आवाक्याबाहेर. काही महिने पुतण्याकडे काढले. तिथे जागा कमी, माणसं जास्त, एक दिवस शब्दाला शब्द लागला आणि काका पिशवी उचलून निघाले. मग स्टेशन.

यातलं कुठलं पाऊल 'वेगळ्या' माणसाचं आहे, मला कुणी दाखवून द्या.

कॅलिफोर्नियात बेघर माणसांचा एक मोठा अभ्यास झाला, 2023 साली बाहेर आला. तिथल्या एकेकट्या बेघरांपैकी जवळजवळ निम्मे पन्नाशीच्या पुढचे निघाले, आणि त्यांतल्या 41 टक्के लोकांवर पन्नाशी उलटल्यावरच आयुष्यात पहिल्यांदा ही वेळ आली होती. म्हणजे जन्मभर कामधंदा करून, भाडं भरून, उतारवयात बाहेर. भाडेकरार ज्यांच्या नावावर होता त्यांना घर सुटायच्या आधी साधारण 10 दिवस मिळाले होते. जे कुणाच्या तरी आधाराने राहत होते त्यांना एक दिवस. पुतण्याच्या घरून निघालेल्या काकांना तर तेवढाही मिळाला नव्हता. आणि त्या अभ्यासातल्या लोकांना विचारलं की काय असतं तर घर वाचलं असतं, तर 70 टक्के लोकांचं म्हणणं होतं की दरमहा 300 ते 500 डॉलरची मदत भाड्याला मिळाली असती तर निभावलं असतं. तिथल्या भाड्याच्या मानाने ही किरकोळ रक्कम आहे!

आता कुणीतरी म्हणणारच, दारू, नशा, त्याचं काय? हो, असते. काकाही प्यायचे. पण ते प्यायला लागले ते स्टेशनवर. हे मला त्यांनीच सांगितलं. उघड्यावर झोपायचं म्हणजे काय, तर बुटांच्या नाड्या मनगटाला बांधायच्या, पिशवी डोक्याखाली घ्यायची, आणि तरीही दर वेळी कुणी जवळून गेलं की डोळे उघडायचे. शर्ट वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून ती गुंडाळी पिशवीत तळाशी, चुरगळू नये म्हणून. अर्धी रात्र जागं राहायचं, दिवसा वाचनालयात पेपर समोर धरून डुलक्या काढायच्या, आणि तिथला माणूस पट्टी आपटून उठवायचा. असे महिने काढल्यावर माणूस स्वतःशी बोलायला लागतो. मग येणारे-जाणारे म्हणतात, बघा, वेडाच आहे.

पुन्हा अमेरिकेचंच उदाहरण देते. नशेच्या अतिसेवनाने मरणाऱ्यांचं प्रमाण वेस्ट व्हर्जिनिया राज्यात वर्षानुवर्षं देशात सगळ्यात वरचं होतं. व्यसनानेच माणसं रस्त्यावर येत असती तर बेघरांचा आकडाही तिथेच फुगायला हवा होता. तसं नाही. लोकसंख्येच्या प्रमाणात बघितलं तर कॅलिफोर्नियात त्याच्या कितीतरी पट बेघर आहेत. कारण वेस्ट व्हर्जिनियात भाडी कमी आहेत, घरं मिळतात. व्यसनी माणसाच्याही डोक्यावर तिथे छप्पर राहतं. व्यसन, आजारपण, घरातली फाटाफूट यावरून आधी कोण बाहेर फेकलं जाणार ते ठरतं. एकूण किती जण फेकले जाणार, हे मात्र परवडणारी घरं किती आहेत त्यावर ठरतं. इतकं सरळ आहे हे, आणि तरी आपण त्या माणसाचं चारित्र्य तपासत बसतो.

काकांना एका निवाऱ्यात जागा मिळाली होती. संस्थेचं नाव घेत नाही. संध्याकाळी सातच्या आत आत, सकाळी सहाला बाहेर, सामान सोबत न्यायचं, तोंडाला वास आला तर त्या रात्री प्रवेश नाही. नेमकं तेव्हा त्यांना एका वर्तमानपत्रात प्रूफांचं रात्रीचं काम मिळालं होतं. रात्रीचं! सातच्या आत कसे येणार? त्यांनी विनंती केली. उत्तर मिळालं, नियम सगळ्यांना सारखा. काम धरलं तर बिछाना गेला, बिछाना धरला तर काम गेलं. त्यांनी काम धरलं. अंघोळ, कपडे, झोप यातलं काहीच जागेवर नसताना काम किती दिवस टिकणार होतं? गेलंच.

याचा मला संताप येतो. आधी दारू सोड, मग औषधं वेळेवर घे, मग शिस्तीत राहून दाखव, मग दहाजणांत एक कॉट, मग दोघांत एक खोली, आणि सगळ्या परीक्षा पास झालास तर शेवटी घर. घर नसताना या परीक्षा देऊन दाखवा ना कुणीतरी. सही करणाऱ्यांपैकी कुणीही.

ही उतरंड उलटी करायचं धाडस 1992 साली न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने केलं. मानसिक आजार असलेली, व्यसनी, वर्षानुवर्षं रस्त्यावर काढलेली, सगळ्यांनी हात टेकलेली माणसं घेतली आणि त्यांना आधी घर दिलं. साधं, स्वतंत्र, भाड्याचं. उपचारांची सक्ती नाही. मदतीला माणसं मात्र कायम, दारावर येऊन विचारणारी. 'हाउसिंग फर्स्ट' म्हणतात ते हेच. पाच वर्षांनी बघितलं तर 88 टक्के लोक घरातच होते. आधी उपचार मग घर, या जुन्या वाटेने गेलेल्यांत हे प्रमाण होतं 47 टक्के. कॅनडाने मग 2009 ते 2013 या काळात पाच शहरांत दोन हजारांहून जास्त लोकांवर हे रीतसर तपासलं, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून. शेवटच्या सहा महिन्यांत पूर्ण वेळ घरात राहिलेले : आधी घर मिळालेल्यांत 62 टक्के, बाकीच्यांत 31.

'घर दिलं तरी टिकत नाहीत' म्हणे.

काकांनाही अखेर खोली मिळाली. छापखान्यातल्याच एकांच्या ओळखीने, एका छोट्या ट्रस्टची. भाडं होतं, पण झेपेल असं. दारूबद्दल कुणी विचारलं नाही. एक तरुण कार्यकर्ती आठवड्यातून यायची, कागदपत्रांचं बघायची, दवाखान्यात सोबत जायची. मी भेटायला गेले तेव्हा काका झोपलेले. पुन्हा गेले तरी झोपलेले. शेजारीण म्हणाली, "आल्यापासून झोपतातच हो, उठून जेवतात आणि परत झोपतात." किती साठलेली झोप असेल ती. मग हळूहळू डॉक्टर झाले, चष्मा झाला, बँकेचं खातं झालं, कारण आता लिहायला पत्ता होता. प्रकाशकांची प्रूफं घरी यायला लागली. मला दाखवायला म्हणून एकदा त्यांनी दार आतून लावलं, उघडलं, परत लावलं, आणि हसले. किती दिवसांनी बघितलं होतं त्यांना हसताना.

दारू सुटली का? नाही. कमी झाली. अधूनमधून संध्याकाळी प्यायचे. स्वतःच्या खोलीत, दार लावून. जगात लाखो लोक हेच करतात आणि त्यांची खोली कुणी काढून घेत नाही.

आता खरं ते सांगते, नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी ऐकवेलच. घर दिल्याने व्यसन आपोआप सुटतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. कॅनडातही त्या बाबतीत दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता, आणि काही थोडे जण घर मिळूनही टिकले नाहीत. मान्य. पण घर हे घर नसण्यावरचं औषध आहे, ते यकृतावरही चालावं अशी अट कशाला?

फिनलंडचं नाव सगळे घेतात, मीही घेते. 1980च्या दशकाच्या अखेरीस तिथे 15 हजारांहून जास्त बेघर होते. 2008पासून त्यांनी दीर्घकाळ बेघर असलेल्यांसाठी हाच मार्ग देशाचं धोरण म्हणून धरला. राजधानी हेलसिंकीत सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचा अडीचशे कॉटांचा एक निवारा होता, तो तोडून-बदलून सुमारे 80 स्वतंत्र घरं केली. राहणाऱ्यांच्या नावावर भाडेकरार, दाराला स्वतःची किल्ली. 2023 साली आकडा साडेतीन हजारांच्या आत आला. 2024ला पुन्हा चढून 3,800 झाला, हेही खरं. पण सरकारने घरभाडे भत्त्यात कात्री लावली तेही त्याच सुमारास. हात काढून घेतला की माणूस पडतो, यात आश्चर्य कसलं.

आणि दुसऱ्या टोकाला काय? 2024मध्येच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पास गावाच्या खटल्यात 6 विरुद्ध 3 मतांनी ठरवलं की निवाऱ्यात जागा नसली तरी उघड्यावर झोपल्याबद्दल गाव दंड करू शकतं. ज्याच्याकडे भाड्याला पैसे नाहीत त्याला दंड! भरला नाही तर नोंद होणार, आणि ती नोंद बघून उद्या त्याला खोली कोण देणार?

'महिला व मुलांच्या सुरक्षिततेसाठी' म्हणता ना? मग बायका-मुलांबद्दलच ऐका. अमेरिकेत 2010 ते 2012 दरम्यान निवाऱ्यांत आलेली 2,282 कुटुंबं घेऊन एक अभ्यास झाला, बारा ठिकाणी. ज्यांना घरभाड्यासाठी कायमची मदत दिली, त्यांच्यात पुन्हा बेघर होणं निम्म्याहून खाली आलं. एवढंच नाही, बायकांना होणारी मारहाण कमी झाली, मुलं आईपासून तोडली जाणं कमी झालं, शाळा बदलायची वेळ कमी आली. ना समुपदेशन, ना शिबिर, ना व्याख्यानं. फक्त भाडं. हे वाचलं तेव्हा मी किती तरी वेळ गप्प बसून होते. जी बाई मार खाऊनही त्या घरात राहते, ती का राहते, हे आपल्यापैकी प्रत्येकीला माहीत आहे. जायचं कुठे? त्या इमारतीत ज्या खोल्या होणार आहेत त्यांतल्या एखादीत अशीच एक असेल, मुलाचं दप्तर घेऊन आलेली. तिच्यापासून कुणाला सुरक्षित राहायचंय?

पैशाचं फार बोलत नाही, पण एक गोष्ट. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाच्या निवाऱ्यांच्या नोंदी 1998 साली तपासल्या तेव्हा दिसलं की 80 टक्के लोक एकदाच, थोड्या दिवसांसाठी येतात आणि निघून जातात. साधारण 10 टक्के लोक मात्र वर्षानुवर्षं तिथेच, आणि एकूण रात्रींपैकी जवळजवळ निम्म्या त्यांच्याच. त्या मोजक्यांना घर द्या, निम्मे बिछाने मोकळे होतात. हिशोबाची भाषा ज्यांना कळते त्यांनी हा हिशोब करावा.

राहिला तो ठेवणीतला प्रश्न : 'एवढा कळवळा आहे तर तुमच्या घरी ठेवा.' मला तो दुपारीच एकांनी मेसेजवर विचारून झालाय.

ठेवलं होतं. स्टेशनवर भेटले तेव्हा बाबांनी काकांना घरी आणलं होतं. आमच्याकडे ते पाहुण्यासारखे राहिले, म्हणजे सगळे जेवल्यावर जेवायचे, बाथरूमला जायचं तरी विचारून जायचे, खोकला आला तर बाहेर जाऊन खोकायचे. आईने परोपरीने सांगून बघितलं. मग एका सकाळी निघून गेले. म्हणाले, तुमचे उपकार आहेत, पण मला पाहुणा म्हणून मरायचं नाही. माया कमी पडली नव्हती हो. माया हे भाडेकराराचं काम करूच शकत नाही. एकेका घराच्या चांगुलपणावर हे सोडून द्यायचं, आणि सरकारने, पालिकेने खोल्या बांधायला घेतल्या की आपणच आडवं पडायचं, हे कसं चालेल?

पुढच्या आठवड्यात त्या इमारतीबद्दल बैठक आहे. मी जाणार आहे. विरोध करणाऱ्यांशी भांडायला नाही, ते माझे शेजारी आहेत आणि राहणार आहेत. मला अधिकाऱ्यांना विचारायचंय. दारांना आतून कड्या असणार का, का हाही सातच्या आत आत असा निवाराच? भाडेकरार माणसाच्या नावावर होणार का? रात्रपाळी करणारा पहाटे आला तर त्याला आत घेणार का? एखादा पिऊन आला तर खोली जाणार का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मदतीला येणाऱ्या कार्यकर्त्यांचा पगार पहिल्या वर्षानंतर कोण देणार? कारण त्या कागदावर याचा उल्लेख नाही, आणि खोल्या करू म्हणणाऱ्यांच्या पत्रकातही मला तो सापडलेला नाही.