पगाराचा आकडा जुळला म्हणजे कार्ड मिळालंच असं नाही

वरच्या श्रेणीच्या क्रेडिट कार्डांसाठी किमान किती उत्पन्न लागतं, यावरच्या लेखात अटींचा तक्ता छान दिलाय, पण तो वाचून कुणी उड्या मारू नयेत. किमान उत्पन्न म्हणजे फक्त अर्ज आत घेण्याची अट. पुढे बँक बघते ते हप्ते जाऊन हातात काय उरतं, आधीच्या कार्डांवर मिळून उधारीची किती मर्यादा आहे आणि परतफेडीचा इतिहास कसा आहे. पगार तगडा पण घर-गाडीच्या हप्त्यांतच निम्मा संपतो, अशांना सरळ नकारही येऊ शकतो.

व्यवसाय करणाऱ्यांची गोची वेगळीच. उलाढाल कितीही असो, बहुतेक वेळा आयकर विवरणपत्रात दाखवलेला निव्वळ नफाच धरला जातो. कर वाचवायला नफा कमी दाखवायचा आणि मग कार्ड मात्र वरच्या श्रेणीचं हवं, हे कसं जमायचं?

ही अट सगळीकडे सारखी नाही, हेही लेखात यायला हवं होतं. कॅनडात व्हिसा इन्फिनिट या वरच्या श्रेणीच्या कार्डासाठी वर्षानुवर्षं वैयक्तिक ६०,००० डॉलर किंवा कुटुंबाचं १,००,००० डॉलर वार्षिक उत्पन्न असा स्पष्ट आकडा दिसतो, म्हणजे जोडीदाराचं उत्पन्नही धरता येतं. अमेरिकेत बहुतेक कार्डांवर असा आकडा छापलेलाच नसतो. क्रेडिट कार्डांविषयीच्या २००९ च्या कायद्याने अर्जदाराची फेडण्याची ऐपत तपासणं बंधनकारक केलं, इतकंच.

आणि वार्षिक शुल्क? कार्डावर मिळणारं विमानतळावरचं लाउंज वर्षातून एकदा वापरणाऱ्याने (आमच्या ओळखीत असे बरेच आहेत) पात्रता शोधण्याआधी ते शुल्क वसूल होतं का, हा हिशेब मांडावा.