२१ दिवसांत मोबाइल सुटतो म्हणे!

मागच्या महिन्यात मामांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि खाली मला टॅग करून लिहिलं, ‘वाच रे, तुझ्यासाठीच आहे.’ दोन दिवसांनी तोच मेसेज अभ्यासिकेच्या ग्रुपवर आला, मग एका मित्राच्या स्टेटसवर. मजकूर थोडक्यात असा: कोणतीही सवय २१ दिवसांत लागते किंवा सुटते, हे विज्ञानाने सिद्ध केलंय. मध्ये एक दिवस जरी खंड पडला तर पुन्हा एकपासून मोजायचं. मोबाइलमुळे माणसाची एकाग्रता ८ सेकंदांवर आलीय, गोल्डफिशचीसुद्धा ९ आहे. २१ दिवसांच्या ‘डोपामिन डिटॉक्स’ने मेंदू नव्यासारखा होतो. आणि शेवटी, ज्याची इच्छाशक्ती पक्की त्याला हे सहज जमतं.

मी पुण्यात सदाशिव पेठेत राहून राज्यसेवेची तयारी करतो. फोनचं वेड आहे, नाही म्हणत नाही. तेव्हा माझाच फोन मला दिवसाची सरासरी सहा तास दहा मिनिटं दाखवत होता. त्यामुळे मी हा मेसेज टिंगल करायला वाचला नव्हता, पाळायलाच वाचला होता. पाळूनही पाहिला.

आधी तो २१चा आकडा. अमेरिकेत मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक प्लास्टिक सर्जन होते. चेहऱ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर आरशातलं नवं रूप आपलंसं वाटायला रुग्णांना किमान २१ दिवस तरी लागतात, असं त्यांच्या पाहण्यात आलं. १९६० साली त्यांनी ते पुस्तकात लिहिलं. त्यातला ‘किमान’ हा शब्द पुढे वाटेतच गळाला आणि ‘२१ दिवसांत’ एवढंच उरलं. शिवाय डॉक्टर बोलत होते ते नव्या नाकाची सवय होण्याबद्दल. नाक काही दर पाच मिनिटांनी ‘टिंग’ करून तुम्हाला बोलावत नाही.

सवय लागायला खरंच किती दिवस लागतात, हे युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून पाहिलं. ९६ जणांनी एकेक साधी गोष्ट निवडली, जसं दुपारच्या जेवणासोबत एक फळ खायचं किंवा रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं पळायचं. बारा आठवडे ते रोज नोंद करत होते. ती गोष्ट आपोआप व्हायला लागायला कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला हिशेबाने २५४ लागले असते. मधला आकडा ६६. आता कुणीतरी ‘६६ दिवसांत मोबाइल सोडा’ असा नवा मेसेज बनवायच्या आत सांगतो: तो अभ्यास नवी सवय लावण्याचा होता, जुनी सोडण्याचा नव्हे. फोनला तो आकडाही चिकटवता येत नाही.

दुसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त महागात पडला. एक दिवस चुकला की पुन्हा एकपासून.

खोलीतल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी लाल पेनाने फुल्या मारायला लागलो. फोन बंद करून बॅगेच्या तळाशी. आठ फुल्या झाल्या. नवव्या दिवशी रात्री मेसला गेलो तर शटर खाली. पायरीवर दहा मिनिटं उभा राहिलो आणि शेवटी खोलीवर येऊन फोन चालू केला. मेसच्या काकांनी सकाळीच ग्रुपवर टाकलं होतं: ‘आज संध्याकाळी मेस बंद राहील.’ ते वाचायला पाच सेकंद लागले. पण फोन हातात आलाच होता, आणि नियमाप्रमाणे आठही फुल्या गेल्याच होत्या. म्हटलं, मोडलंच आहे तर आजचा दिवस बघून घेऊ, उद्यापासून पुन्हा एक. बिस्किटाचा पुडा फोडून रात्री दीडपर्यंत रील्स बघत बसलो. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा तर चौथ्याच दिवशी मोडलं आणि पुढचा अख्खा आठवडा मी मोजणंच सोडून दिलं.

लॅलींच्या अभ्यासात एक गोष्ट स्पष्ट निघाली होती: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे मेस बंद असलेल्या त्या रात्री माझं नुकसान झालं असेल तर पाच सेकंदांचं. बाकीचे तीन तास त्या मेसेजमधल्या नियमाने घालवले. एकादशीला चुकून चहासोबत बिस्किट खाल्लं म्हणून आजी काही लगेच मिसळ मागवत नाही. ‘देवा, चुकलं’ म्हणते आणि उपास पुढे चालू ठेवते. हे शहाणपण घरात होतं, तरी मी फॉरवर्डचं ऐकलं.

गोल्डफिशबद्दल फार लिहीत नाही. मायक्रोसॉफ्टच्या कॅनडा शाखेने २०१५ मध्ये जाहिरातदारांसाठी एक अहवाल काढला, त्यातून हे ८ सेकंद जगभर गेले. अहवालाने आकडा एका वेबसाइटवरून उचलला होता. २०१७ मध्ये बीबीसीने माग काढला, तर त्यामागचं संशोधन काही सापडलं नाही. भारताचा सामना लागला की आमच्या अभ्यासिकेतली पोरं चहाच्या टपरीसमोर चार तास हलत नाहीत, त्यांची एकाग्रता ८ सेकंदांची आहे असं निदान मला तरी दिसलेलं नाही.

‘डोपामिन डिटॉक्स’ हे नाव ऐकायला भारी आहे. डिटॉक्स म्हणजे अंगातलं विष काढणं. डोपामिन विष नाही, मेंदूत तयार होणारं एक रसायन आहे. ते कमी पडलं की काय होतं, हे पार्किन्सनच्या रुग्णाचा थरथरणारा हात पाहिला की कळतं. २०१९ मध्ये ‘डोपामिन फास्टिंग’ लोकांपर्यंत पोचवणारे कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ कॅमेरॉन सेपा स्वतःच म्हणाले होते की नाव शब्दशः घेऊ नका. त्यांचं सांगणं साधं होतं: जी गोष्ट हाताबाहेर गेलीय तिला वेळ ठरवून द्या. आमच्याकडे येईपर्यंत त्याचं विपश्यनेसारखं काहीतरी झालं. एका मित्राने रविवारी फोन, गाणी, चहा, गप्पा सगळं बंद ठेवलं आणि सोमवारी दुप्पट वेळ फोनवर होता.

आता राहिली इच्छाशक्ती. मामांचा खरा रोख इथेच आहे, हे मला माहीत आहे.

मोजणं सोडल्यावर मी एक वेगळंच मोजून पाहिलं. फोन टेबलावर, नेहमीसारखा. पण हात फोनकडे गेला की पुस्तकाच्या समासात पेन्सिलने एक रेघ. सकाळी आठ ते साडेदहा, राज्यघटनेचा अभ्यास. सतरा रेघा. संध्याकाळी त्या चाळताना गंमत दिसली: मूलभूत हक्कांच्या पानांवर, जे मला येतं, तिथे दोनच. आणीबाणीच्या तरतुदी आणि केंद्र-राज्यांचे आर्थिक संबंध, जे डोक्यावरून जातं, तिथे पंधरा. फोन वाजला म्हणून हात गेलेला नव्हताच, तो सायलेंटवर होता. परिच्छेद कळला नाही की हात खिसा किंवा टेबल शोधत होता. म्हणजे मी फोनला पळून जायची जागा केली होती, आणि २१ दिवस फोन बंद ठेवला असता तरी आर्थिक संबंधांचं प्रकरण तितकंच अवघड राहिलं असतं.

त्यावर मी दोन गोष्टी केल्या. अभ्यासिकेत तळमजल्यावर लोखंडी लॉकर आहेत. फोन तिथे ठेवतो आणि तिसऱ्या मजल्यावर बसतो. एकदा बघायचा तर जाऊन-येऊन सहा जिने. आणि परिच्छेद अडला की कागदावर प्रश्न लिहून पुढे सरकायचं, ते प्रश्न दुपारच्या चहाला मित्रांना विचारायचे. यात माझी इच्छाशक्ती कुठे वाढली? तितकीच आहे. फक्त तिला सतरा वेळा कामाला लावावं लागत नाही.

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावात २०२२च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराला गावाने हेच मोठ्या प्रमाणावर केलं. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, घराघरातले टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा वाजतो. त्या दीड तासात पोरांनी वाचायचं, मोठ्यांनी बोलायचं. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघरी सांगत फिरले. त्या गावात कुणाचीही इच्छाशक्ती तपासली नाही. वेळ ठरली, भोंगा ठरला, आणि शेजारच्या घरातला टीव्हीही बंदच असतो. मामा, तुमच्या मेसेजमध्ये हा शेजारी कुठेच नाही. त्यात फक्त एकटा मुलगा आणि त्याचा निर्धार आहे.

माझे सहा तास दहा मिनिटं आता साडेतीन तासांवर आलेत. रविवारी अजूनही ताबा सुटतो. त्यातला तासभर तर अभ्यासाचाच: टेलिग्रामवरच्या नोट्स, चालू घडामोडी, ऑनलाइन टेस्ट. ‘मग साधा फोन घे’ हा सल्ला म्हणूनच आम्हाला पुरत नाही. माझ्या रूममेटने घेऊन पाहिला होता, बटणांचा. पहिल्याच आठवड्यात टेस्टची लिंक उघडायला माझा फोन, मेसचे पैसे द्यायला माझा फोन, नोट्स बघायला माझाच फोन. ‘भावा, दोन मिनिटं दे ना’ म्हणून घ्यायचा आणि अर्धा तास परत यायचा नाही. शेवटी त्याने जुना फोन पुन्हा काढला. बटणांचा फोन आता खिडकीत असतो. आम्ही दोघं त्याच्यावर साडेपाचचा गजर लावतो आणि स्वतःचे फोन दाराजवळच्या प्लगला लावून झोपतो.