बातमीदारहो, आता कादंबरीच लिहा

वीस वर्षं बीट, म्हणजे नेमून दिलेलं बातम्यांचं क्षेत्र, सांभाळली, तीन संपादक पचवले, तेव्हा आता कादंबरी लिहायला हरकत नाही. हिशेब सोपा आहे. रोजची बातमी ३०० शब्दांची धरली, तर २०० दिवसांचे ६०,००० शब्द होतात. म्हणजे डेमी आकाराची दोनशेक पानं. उरतं ते फक्त जोडकाम.

सुरुवात इंट्रोनेच, म्हणजे बातमीच्या पहिल्या परिच्छेदासारखीच करा. खून झाला, दिराने केला, जमिनीसाठी केला. पहिल्याच परिच्छेदात सगळं उरका. बातमीत महत्त्वाचं वर घेतात, कारण ऐनवेळी जाहिरात आली की उपसंपादकांचा डेस्क बातमी खालून कापतो. कादंबरीत जाहिरात येत नाही, पण हाताची सवय कशाला मोडायची? बाकीची १९९ पानं ‘पार्श्वभूमी’ म्हणून खपतील.

पात्राच्या मनातलं लिहिताना पंचाईत होते, कारण मनाला दुजोरा मिळत नाही. मग असं लिहा : ‘सुलभाला रात्रभर झोप लागली नसल्याचे तिच्या निकटवर्तीयांनी नाव न छापण्याच्या अटीवर सांगितले.’ ती माहेरी निघून गेली, तर नवऱ्याचीही बाजू घ्या. फोन उचलत नसेल तर तसं नमूद करा.

संवादांचं मात्र अवघड आहे. वऱ्हाडातला शेतकरी तुमच्याशी तासभर त्याच्या बोलीत बोलला होता, पण वहीत उतरवतानाच तुम्ही त्याला ‘शासनाने तातडीने लक्ष घालावे’ असं म्हणायला लावलंत. आता त्याच्या तोंडचा शब्द कुठून आणणार? राहू द्या. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना प्रेसनोटच्या मराठीत बोलू द्या.

खलनायक आमदार हवाच. त्याचं आडनाव बदला, जिल्हा बदला. नदी, साखर कारखाना आणि पुतण्या तेवढे जसेच्या तसे ठेवा. ‘सर्व पात्रे काल्पनिक’ एवढी ओळ घातली की वकिलाची फी वाचते, असा एक समज आहे.

कुणी ‘सिंहासन’ कादंबरीवाल्या अरुण साधूंचं नाव काढेल. तेही बातमीदारच, आणि २००७ साली नागपूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. पण त्यांनी बंद दाराआडचं राजकारण लिहिलं; तुमच्याकडे पत्रकार परिषदेची टिपणं आहेत, त्यांचं सोनं करा.

दुसरा खर्डा करू नका. चूक निघालीच तर उद्या आतल्या पानावर दोन ओळींचा खुलासा.

प्रकाशन समारंभाची बातमी स्वतःच लिहा. मथळ्यात प्रमुख पाहुणे, इंट्रोत त्यांचं राजकीय वक्तव्य, मग व्यासपीठावरचे नऊजण, आणि शेवटच्या ओळीत पुस्तकाचं नाव. पान लावणाऱ्याला चहा पाजून ठेवा. रात्री साडेदहाला जाहिरात येतेच.