टाळं लागलं म्हणजे बँक बुडाली का? (१८९३च्या लेखावरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार सर,

अमेरिकेतल्या १८९३च्या बँक-घबराटीवर (ठेवीदार पैसे काढायला रांगा लावत होते आणि बँका दारं लावत होत्या, त्यावर) मागच्या आठवड्यात लिहिलं, त्यावर तुमची खरमरीत प्रतिक्रिया आली. दोन ओळींत उरकावं म्हणून बसले होते, जमलं नाही, म्हणून हे स्वतंत्र उत्तर.

बाकीच्यांसाठी तुमचे मुद्दे थोडक्यात सांगते. एक, 'बऱ्याच बँका बुडाल्या नव्हत्या, त्यांनी व्यवहार थांबवले होते' हे माझं म्हणणं म्हणजे बँकवाल्यांची वकिली. ठेवीदाराला पैसे मिळाले नाहीत की बँक बुडाली, बाकी सगळे शब्दांचे खेळ. दोन, मी खापर रांगेतल्या लोकांवर फोडलं. तीन, अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहराच्या बँकांचा संबंध मुंबईच्या टांकसाळीशी जोडणं म्हणजे 'जगात काहीही घडो, आपलं घोडं पुढे दामटायचं'. आणि जाता जाता तुम्ही हेही सांगितलंत की तुमची तीस वर्षं सहकारी बँकेत गेली आणि अशी रांग तुम्ही काउंटरच्या आतून पाहिली आहे.

तिसऱ्यापासून सुरू करते. तो जास्त झोंबला, आणि निम्मा खराही आहे.

तेव्हाचा रुपया म्हणजे १८० ग्रेनचं, बरोबर एक तोळ्याचं नाणं, बारा भागांत अकरा भाग चांदी. कुणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जावं आणि घडणावळ कापून रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. चांदी जगभर स्वस्त होत चालली तसा रुपयाही घसरला. इथलं इंग्रज सरकार शेतसारा रुपयांत घेणार आणि लंडनचा खर्च पौंडांत भागवणार, त्यामुळे त्याची ओढाताण होऊ लागली. शेवटी यासाठी नेमलेल्या हर्शेल समितीच्या शिफारशीवरून २६ जून १८९३ला ही मुभा बंद झाली. फोर्टातल्या त्या टांकसाळीचा दरवाजा खासगी चांदीला बंद झाला आणि चार दिवसांत चांदीचा भाव औंसाला ऐंशी सेंटच्या वरून बासष्टच्या आसपास आला. चांदीचं एक मोठं गिऱ्हाईक गेलं होतं. दुसरं मोठं गिऱ्हाईक खुद्द अमेरिकन सरकार, १८९०च्या शर्मन कायद्यानं ते दरमहा ४५ लाख औंस घ्यायचं. तो कायदा रद्द करण्यासाठी अध्यक्ष क्लीव्हलंडनी ३० जूनला काँग्रेसचं (अमेरिकन संसदेचं) खास अधिवेशन बोलावलं. कोलोरॅडोतल्या खाणी आणि भट्ट्या धडाधड बंद झाल्या, मजूर डेन्व्हरमध्ये येऊन पडले, आणि जुलैच्या मध्याला तीन दिवसांत शहरातल्या बारा बँकांनी दारं लावली. एवढी साखळी खरी आहे आणि ती मी मागे घेत नाही.

चुकलं ते पुढे. 'मुंबईच्या टांकसाळीनं अमेरिकेतल्या बँका बुडवल्या' हे वाक्य मी लिहायला नको होतं. घबराट आधीच सुरू होती. फेब्रुवारीत फिलाडेल्फिया अँड रीडिंग रेल्वे बुडाली, एप्रिलमध्ये सरकारचा सोन्याचा साठा १० कोटी डॉलरच्या खाली उतरला, मेच्या सुरुवातीला नॅशनल कॉर्डेज ही दोरखंडाची कंपनी कोसळली. त्याच महिन्यात शिकागोतली केमिकल नॅशनल बँक बंद पडली. तिची एक शाखा तर चक्क विश्वप्रदर्शनाच्या आवारात होती. (विवेकानंद सप्टेंबरमध्ये बोलले ते हेच शिकागो. ते ३१ मेला मुंबईहून निघाले तेव्हा तिथल्या बँका आधीच गडगडत होत्या.) या सगळ्यात मुंबईचा काही हात नव्हता. आणि बासष्ट सेंटची चांदी डेन्व्हरमधल्या सगळ्यांनाच होती, तरी फर्स्ट नॅशनल आणि कोलोरॅडो नॅशनल या बँका त्या आठवड्यातही उभ्या राहिल्या. म्हणजे चांदीच्या भावाखेरीज प्रत्येक बँकेचं आपलं असं काहीतरी होतंच.

आता पहिला मुद्दा. इथे मी ऐकणार नाही.

राष्ट्रीय बँकेच्या (म्हणजे सरकारी नव्हे, केंद्र सरकारच्या परवान्यावर चालणाऱ्या खासगी बँकेच्या) दारावर नोटीस लागली की पुढे काय व्हायचं ते पाहा. कंट्रोलर ऑफ द करन्सी, म्हणजे या बँकांवर देखरेख ठेवणारा सरकारी अधिकारी, त्याचा तपासनीस येऊन ताबा घ्यायचा. तिजोरीतली रोकड मोजायची, कर्जाच्या चिठ्ठ्या एकेक करून तपासायच्या, तारण खरं की नावापुरतं ते बघायचं. मग एक तर बँक पुन्हा उघडायची, नाहीतर तिच्यावर अवसायक (बँक गुंडाळून देणी भागवणारा अधिकारी) बसायचा. अवसायक बसला तर भागधारकाला शेअरच्या दर्शनी किमतीइतकी रक्कम खिशातून आणखी भरायला लावता यायची. त्या वर्षी १५८ राष्ट्रीय बँकांनी व्यवहार थांबवले. त्यांतल्या ६५ अवसायकाकडे गेल्या आणि ८६ वर्षाअखेरच्या अहवालापर्यंत पुन्हा उघडल्या. निम्म्याहून जास्त! बुडालेली बँक अशी काही महिन्यांत उठून बसत नाही.

मग धडधाकट बँक बंद का पडायची? छोट्या गावातल्या राष्ट्रीय बँकेला १०० डॉलरच्या ठेवीमागे १५ डॉलर राखीव ठेवावे लागत. त्या पंधरातले नऊ मोठ्या शहरातल्या बँकेत ठेवले तरी चालत, कायद्यानंच तशी परवानगी होती. म्हणजे गल्ल्यात हवेत फक्त सहा. तेच नऊ डॉलर शहरातल्या बँकेच्या वहीत ठेव म्हणून दिसत आणि त्यांच्यापोटी तिला जी रक्कम राखीव ठेवावी लागे तिचाही निम्मा भाग ती पुढे न्यूयॉर्कला ठेवू शके. एकाच पैशावर तीन ठिकाणी भरवसा. शिकागोची बँक बंद पडली की इंडियानातल्या एखाद्या बँकेचे नऊ डॉलर अडकले. तिची कर्जं कितीही चोख असोत, गल्ला सहाचाच.

तुमच्या बाजूचंही सांगते. शिकागोच्या कोलंबिया नॅशनल बँकेचा अध्यक्ष झिम्री ड्विगिन्स यानं छोट्या गावांत बँकांची अख्खी माळ उभी केली होती. त्याची बँक मेमध्ये बंद पडली आणि माळेतले मणी एकामागोमाग सुटले. ते सरळसरळ बनावट काम होतं, त्याला 'व्यवहार थांबवले' म्हणणं ही थट्टाच. शिवाय वरचे आकडे फक्त राष्ट्रीय बँकांचे. सगळ्या मिळून त्या वर्षी पाचशेच्या वर बँका बंद पडल्या, आणि त्यांतल्या अनेक खासगी पेढ्यांची दप्तरं तर कुणी तपासतच नव्हतं.

दुसरा मुद्दा मात्र पूर्ण मान्य. 'अफवेला बळी पडलेली गर्दी' असं मी लिहिलं होतं, ते काढलं आहे. तेव्हा ठेवींना विमा नव्हता, अमेरिकेत तो १९३३च्या कायद्यानं आला. रांगेत पहिला असेल त्याला डॉलरला डॉलर, शेवटच्याला उरेल ते. अशा वेळी पहाटे उठून रांग धरणारा माणूस हिशेबीच म्हणायचा.

हा मुद्दा मला पुस्तकातून कळला नाही. माझ्या वडिलांच्या निवृत्तीचे पैसे एका सहकारी बँकेत होते आणि तिच्यावर निर्बंध आले. खात्यातून एकदाच हजार रुपये, बस्स. मी त्यांच्याबरोबर रांगेत होते. स्लिप भरायचं पेन काउंटरला सुतळीनं बांधलेलं, आणि त्याची शाई संपलेली. आतले साहेब प्रत्येकाला एकच सांगत होते, "काका, बँक बुडालेली नाही, फक्त निर्बंध आहेत." बाबांनी पासबुक पुढे केलं तर मशीननं व्याजाची नोंद व्यवस्थित छापून दिली! बाहेर आल्यावर ते पायरीवर बसून ती ओळ बराच वेळ बघत राहिले. त्यामुळे तुम्ही 'शब्दांचे खेळ' म्हणता तेव्हा तो राग मला अनोळखी नाही. पण त्या साहेबांचं वाक्य खरं होतं की खोटं, यावरच बाबांना किती पैसे आणि कधी मिळणार ते ठरणार होतं. म्हणून तो फरक मी सोडत नाही.

व्यवहार थांबवण्याचा आणखी एक प्रकार मूळ लेखात निसटला होता. ऑगस्टच्या सुरुवातीपासून न्यूयॉर्कच्या बँका उघड्या होत्या, चेक वटत होते, पण वहीतल्या वहीत. रोकड मागितली की हात आखडायचा. आपापसातले हिशेब त्यांनी जूनपासूनच क्लिअरिंग हाउसच्या (बँकांचे एकमेकींवरचे चेक मिटवणाऱ्या त्यांच्याच संस्थेच्या) प्रमाणपत्रांवर, रोकडीऐवजी, भागवायला सुरुवात केली होती, अशी प्रमाणपत्रं चार कोटी डॉलरहून जास्त निघाली. मग नोटाच विकाऊ झाल्या. दलालाकडून १०० डॉलरच्या नोटा घ्यायच्या तर चेक १०२, १०३, कधी १०४चा. कारखानदारांना शनिवारचा पगार वाटायला सुटे मिळेनात, काहींनी मजुरांच्या हातावर छापील चिठ्ठ्या टेकवल्या. टाळं कुठेच नाही, तरी पैसा कोंडलेला. याला तुम्ही बुडणं म्हणाल की थांबणं, हे मला खरंच ऐकायचं आहे.

मूळ लेखातलं ते वाक्य आता असं आहे: 'मुंबईची टांकसाळ खासगी चांदीला बंद झाल्यावर चांदी कोसळली, आणि आधीच पेटलेली घबराट कोलोरॅडोत पोचली.' चालेल ना?

आणि एक विनंती. तपासनीस पहिल्या दिवशी बँकेत आला की आधी काय उघडायला सांगतो, तिजोरी की कर्जाच्या फायली? १८९३च्या अहवालांत आकडे आहेत, हे नाही. तुम्ही आत होतात, तर सवडीनं लिहा. प्रतिक्रियेत मावलं नाही तर इथेच तुमच्या नावानं स्वतंत्र लेख टाकू.