खपली गहू हाही गहूच

"ग्लूटेन चालत नसेल तर खपली गहू खा. नाहीतर गव्हाऐवजी तेवढंच ज्वारीचं पीठ घ्या. चिमूटभर कणीक पोटात गेली तर काही बिघडत नाही." हा मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपवर सारखा फिरतोय. माझ्या मुलीला सिलिॲक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे लहान आतड्याला इजा होते तो आजार, त्यामुळे गप्प बसवत नाही.

खपलीची खीर मलाही फार आवडते. पण सांगली-साताऱ्याकडचा हा जुना गहू शेवटी गहूच, त्यात ग्लूटेन आहेच. सिलिॲक असलेल्याला तो वर्ज्य. रवा, मैदा, दलियाही तसेच, आणि जवातही ग्लूटेन असतं.

"तेवढंच ज्वारीचं पीठ" मीही घेऊन पाहिलं. गार पाण्यात मळलं आणि पोळपाटावरच तुकडे पडले. कणीक मळताना गव्हातल्या प्रथिनांचं चिवट जाळं बनतं, तेच ग्लूटेन. ज्वारीत ते नाही. तिथे उकळत्या पाण्यात फुललेला स्टार्च पीठ धरून ठेवतो. म्हणून उकड काढायची. वाटीभर पाण्याला मीठ घालून उकळी आणा, वाटीभर पीठ घाला, ढवळून गॅस बंद करा, दहा मिनिटं झाका. मग सोसेल इतकं गरम असतानाच तळहाताने रगडून मळा. कोरडं वाटलं तर हात ओला करा. ही उकड लाटताही येते; पिठी मात्र तांदळाची घ्या. पीठ ताजंच हवं, जुन्या पिठाची विरी गेलेली असते, मग कितीही मळा, कडा चिरणारच. केकला उकड चालत नाही. तिथे चिकटपणासाठी थोडं इसबगोल घालते.

आता ती चिमूट. यावर मला खरंच राग येतो. भारतात 'ग्लूटेन-फ्री' म्हणून विकायच्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपर्यंतच ग्लूटेन चालतं. अर्धा ग्रॅम कणकेतच साधारण 40 मिलिग्रॅम असतं. पोट दुखलं नाही तरी लहान आतड्याच्या अस्तराला इजा होऊ शकते.

आणि ही चिमूट नकळत येते. डबीतल्या हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ असतं. थालीपिठाच्या भाजणीत, मेतकुटात, सातूच्या पिठात गहू घालायची पद्धत आहे. गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळलेला असला की आपल्या ज्वारीत त्याचं पीठ उतरतं. आमची ज्वारी आता घरघंटीवरच दळतो, तीत गहू कधीच घालत नाही. पोळपाट-लाटणं वेगळं केलं, चाळणीही नवी आणली; जुनीच्या जाळीत अडकलेली कणीक ब्रशने घासूनही निघेना.