कूलरच्या पंपापेक्षा थोडं जास्त

हाताशी १५ हजार रुपये असताना घरच्या स्टिरिओतलं आधी काय बदलावं, यावर मत नसलेला माणूस मला अमळनेरात अजून भेटायचा आहे. गाणी ऐकणारा तर एकही भेटला नाही.

सेट जुनाच. अँप्लिफायर वडिलांचा, स्पीकर माझ्या कॉलेजच्या दिवसांतले, गाणी मोबाइलमधली. परवा डावा स्पीकर खरखरायला लागला म्हणून गोणपाटात गुंडाळला आणि दुरुस्तीच्या दुकानात नेला. मे महिन्यात आमच्याकडे दुरुस्तीच्या दुकानात फक्त कूलर असतात, हे ध्यानात यायला पाहिजे होतं म्हणा. काउंटरभर मोटारी, पंप, पंख्यांची पाती. मेकॅनिकचं डोकं कुठल्याशा टाकीत. बाकावर पाच-सहा घामेजलेली माणसं, आणि त्यांत आप्पा. पांढरी टोपी, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत कूलरचा पंप, नातवाला घेऊन बसावं तसा. मी गोणपाट सोडलं तसे ते पुढे सरकले.

"हाई काय शे भो?"

"स्पीकर आहे आप्पा."

"कितला वॅट?"

"अँप्लिफायर पंचवीसचा आहे. एका बाजूला पंचवीस."

आप्पांनी बाकावरच्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. मग पिशवीतून पंप काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि त्यावरचं लेबल बोट ठेवून वाचून दाखवलं. "अठरा वॅट. मना पंप अठरा वॅटना शे. आन तुमनं गानं पंचवीसमा?"

बाक हसला. टाकीतून मेकॅनिकही हसला, टाकीमुळे जरा घुमून.

आता गप्प बसावं की नाही? पण आपण शिकलेले. मी समजावायला गेलो. म्हटलं, आप्पा, वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. तो जेमतेम तीन डेसिबलने वाढतो, कानाला थोडासाच फरक कळतो. कानाला दुप्पट वाटायचा तर वॅट दहापट लागतात. आणि घरी बसून ऐकताना बहुतेक वेळ एखाद-दुसरा वॅटच खर्च होत असतो.

आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे अडीचशे वॅट ल्या. व्हयना डबल. इतला शिकेल मानूस, आन हिशोब माले करना पडस!"

हिशोब बरोबर होता, हीच तर पंचाईत. एवढ्यावर थांबले असते तर चाललं असतं. पण बोलता बोलता त्यांनी हात लांबवला आणि स्पीकरच्या बरोबर मधे जी गोल टोपी असते तिच्यावर अंगठा टेकवून दाबला. डोहाळजेवणाला आणलेला पेढा ताजा आहे का ते बघावं इतक्या सहज. पोक्‌ असा बारीक आवाज आला आणि टोपी आत गेली.

"नरम शे," आप्पा म्हणाले, आणि अंगठ्याला लागलेला काळा चुरा त्यांनी दुकानाच्या कॅलेंडरला पुसला.

तो चुरा म्हणजे माझ्या स्पीकरची कडा होती. कागदी शंकूभोवती फोमची पट्टी असते, तीवर शंकू आत-बाहेर हलतो. हा फोम वर्षानुवर्षांच्या उष्म्याने आणि दमट हवेने आपोआप कुजतो. वाजवा किंवा फडक्याखाली झाकून ठेवा. भुसावळच्या उन्हाळ्याची बातमी दरवर्षी पेपरात येते, आमच्या फोमची येत नाही.

बँकेतला एक तरुण पंख्याची मोटार घेऊन आला होता. तो म्हणाला, "काका, आधी सोर्स बदला, गाणं जिथून निघतं ते यंत्र." हा पंथ जुना आहे. १९७० च्या दशकात स्कॉटलंडच्या लिन कंपनीने टर्नटेबल, म्हणजे तबकडी वाजवायचं यंत्र, विकताना हाच डंका पिटला होता: सुरुवातीलाच जे हरवलं ते पुढे कुठलाही स्पीकर परत आणू शकत नाही. आमच्या आज्या हे 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' एवढ्यात उरकायच्या, आणि वर काही विकायच्याही नाहीत. तबकडीच्या काळात त्यात तथ्य होतं, सुईनेच घोळ घातला तर पुढे सगळंच गेलं. पण १९८२ मध्ये सीडी बाजारात आली, आणि तिथून पुढे गाणं नीट उचलायचं काम इतकं स्वस्त झालं की आज साध्या मोबाइलच्या आडातही पाणी बऱ्यापैकी नितळ असतं. आमचा पोहराच गळका. अँप्लिफायरमुळे आवाजात येणारी विकृती टक्क्याच्या अपूर्णांकात मोजतात, स्पीकरची सरळ टक्क्यांत. शिवाय तेवढ्याच वॅटांत स्पीकर किती मोठा वाजतो तेही डेसिबलमध्ये मोजतात; ८६ डेसिबलच्या स्पीकरऐवजी ८९ चा आणला की त्याच पंचवीस वॅटांत पन्नासचं काम होतं. हे सगळं मी त्या तरुणाला सांगितलं. तो तोवर फोनवर होता.

मग वायर. कुणीतरी म्हणालंच, सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना लावा. जळगावचं सोनं जवळ, त्यामुळे आमच्याकडे कशावरही सोनं चढवलं की ते सुधारतं असा समज आहे. तो मुलामा पिन गंजू नये म्हणून असतो, आवाज गोड व्हावा म्हणून नाही.

खरं तर अमळनेरात बजेट हा शब्दच तोंडातून काढणं अवघड. विप्रो इथे १९४५ मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली, आणि पुढे गावात दोन जाती पडल्या: ज्यांच्या घरच्यांनी शेअर ठेवले ते, आणि ज्यांच्या घरच्यांनी आत्याच्या लग्नात मोडले ते. आम्ही आत्यावाले. समोरचे नाना ठेवलेले. त्यांना विचारलं होतं, तर म्हणाले, "मग सगळंच बदल ना." पेपरातून डोकंही वर केलं नाही.

फुकटची सुधारणा मी आधीच करून पाहिली होती. आमची खोली म्हणजे गुळगुळीत फरशी, वर स्लॅब, उघड्या भिंती. टाळी वाजवली की उत्तर येतं. स्पीकरसमोरच्या भिंतीवर जाड गोधडी टांगली आणि आवाज लगेच शहाणा झाला. आई म्हणाली, "भिंतीले थंडी वाजस का?" ४४ अंशांत याला उत्तर नसतं. गोधडी दुपारी खाली आली.

आप्पांचं वॅटांचं प्रेम कुठून आलं ते थोड्याच वेळात कळलं. त्यांच्या भाच्याचा डीजे आहे. पिकअपवर बारा टॉप, म्हणजे स्पीकरची मोठाली खोकी, मागे जनरेटर. "वाजना का खिडकीना काचा हालतस," ते कौतुकाने म्हणाले. हालतात, मला माहीत आहे, कारण त्या खिडक्या माझ्या आहेत. लग्नसराईत आमच्या गल्लीतून रोज एक वरात जाते आणि कोपऱ्यावरच्या चौकात अर्धा तास थांबते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली झाले. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. कागद उत्तम आहे. नातेवाईक आहेत, वर्गणी आहे, पुढारी आहेत, आणि तक्रार करणाऱ्याचं नाव संध्याकाळपर्यंत गल्लीला कळतं. शेजारचे तात्या बायपास झालेले. वरात आली की मागच्या मोरीत जाऊन बसतात. आणि मला पंचवीस वॅटांवर एक ठुमरी ऐकायची तर ती मध्यरात्रीनंतर, तीही हळू, कारण इतक्या रात्री गाणं लावणाऱ्याला लोक विचित्र म्हणतात. याचा मला खरंच राग येतो. विनोद करून येतो, पण येतो.

मेकॅनिक शेवटी टाकीतून बाहेर आला. चिकटपट्टीचा तुकडा टोपीवर दाबून अलगद ओढला, पोचा निम्मा वर आला. फोमची पट्टी नवी बसवता येते, पण आत्ता नाही, कूलर आटोपल्यावर. "पावसाळ्यात या." त्यापेक्षा त्याच १५ हजारांत नवी जोडी बसते, तो म्हणाला. मी हो म्हटलं, ॲडव्हान्स दिला.

"मंग हाऊ जुना माले द्या," आप्पा म्हणाले. "गोठामा लावसू. म्हैस गानं आयकस."

"किती देणार?"

त्यांनी स्पीकर दोन्ही हातांत उचलून वजन पाहिलं, उलटा केला, सुलटा केला. "दोन्हीना पाचशे." मग मधल्या टोपीकडे पाहून जीभ चुकचुकली. "नही भो, चारशे. याले पोचा शे."