पुढचा जन्म पांडाचा हवाय? अर्ज नीट भरा

दमूनभागून घरी येता, सोफ्यावर आडवे होता आणि पांडाचं रील लावता. तो घसरगुंडीवरून गडगडत येतो, सांभाळणाऱ्याच्या पायाला मिठी मारतो, पुन्हा गडगडतो. तुम्ही खाली कॉमेंट टाकता, ‘देवा, पुढचा जन्म पांडाचा दे. खायचं आणि झोपायचं.’ मागणी रास्त आहे. फक्त अर्ज अर्धवट भरलेला जाऊ नये, एवढ्यासाठी हे मार्गदर्शन.

‘मुक्काम’ हा रकाना आधी बघा. रीलमधला पांडा प्रजनन केंद्रातला किंवा प्राणिसंग्रहालयातला असतो. रकाना रिकामा सोडलात आणि रानातली नेमणूक निघाली, तर चीनच्या सिचुआन, शान्शी नाहीतर गान्सू प्रांतातल्या ओल्या, धुकट डोंगरात जावं लागेल. तिथे घसरगुंडी नाही. शेजारपाजारही नाही, कारण पांडा एकलकोंडा. 2015 साली जाहीर झालेल्या गणनेत रानातले सगळे मिळून 1,864 भरले. एवढ्या दुचाकी आपल्याकडे एखाद्या मोठ्या सोसायटीत निघतील.

आता तुमचा आवडता विषय, जेवण. आतडी मिळतील मांसाहाऱ्याची, अस्वलाच्या घराण्याची. ताटात मात्र बांबू. सकाळी बांबू, संध्याकाळी बांबू, एकादशीलाही बांबू. तो धरायला मनगटाचं एक हाड वाढून अंगठ्यासारखं झालेलं असेल, तेवढी सोय केलेली आहे. दिवसाला 12 ते 38 किलो चावायचा, त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा अंगी लागणार आणि बाकीचा दिवसातून चाळीसेक वेळा जिथे बसलात तिथेच सोडायचा. या खटाटोपात दहा-बारा तास सहज जातात. म्हणजे ऑफिसपेक्षा मोठी शिफ्ट, आणि सुट्टी नाही. वसंतात कोवळे कोंब फुटतात तेव्हा जरा चैन असते. चंद्रपूर-गडचिरोलीकडे वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोंबांची, भाजी खाल्लेल्यांना ती कळेल. पण ती फोडणी घातलेली असते हेही ध्यानात घ्या. मटणाची आठवण येईल का, ही काळजी नको. मांसाची ती खास चव ओळखणारं जनुक पांडात केव्हाच निकामी झालंय.

‘पण झोप तर मिळते ना?’ मिळते. पगार कमी म्हणून पंखा बंद करून बसणाऱ्याला मिळते तशी. जमा एवढीशी, म्हणून खर्चाला कात्री. त्याच्या वजनाच्या प्राण्याला जेवढी ऊर्जा लागायला हवी, तिच्या 38 टक्क्यांतच पांडा भागवतो, असं 2015 मध्ये शास्त्रज्ञांनी मोजलंय. थायरॉइडचं प्रमाणही अगदी खाली. तुम्ही ज्याला आळस म्हणून लाइक करता, तो जमाखर्च आहे. बरं, बाकीच्या काही अस्वलांसारखी हिवाळाभर ताणून द्यावी म्हटलं, तर बांबूवर तेवढी चरबीच साठत नाही. बर्फातही जेवायला बाहेर पडायचंच. छिनलिंगच्या डोंगरातले काही पांडे थंडीत घोड्याची ताजी लीद अंगाला फासतात. तिच्यातल्या द्रव्यांमुळे थंडी कमी बोचत असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. स्वेटरचा रकाना अर्जात नाही.

लग्नाचं फार मनावर घेऊ नका. मादी वर्षातून एकदा माजावर येते आणि गर्भ राहण्याची वेळ म्हणजे दोन-तीन दिवस. मुहूर्त हुकला की पुढच्या वसंतात भेटू. बायोडेटा म्हणून नरानं पुढच्या पायांवर उलटं उभं राहून झाडाच्या बुंध्यावर, जमेल तितक्या उंच, मूत्राची खूण सोडायची. मध्यस्थ काकूंना आपले पायऱ्यांवरचे फोटो बरे वाटतील.

आणि पिल्लू? शंभर-सव्वाशे ग्रॅमचं, गुलाबी, आंधळं. आईच्या वजनाचा नऊशेवा भाग. जुळी बऱ्याचदा होतात, पण रानातली आई सहसा एकालाच जगवते. हा भाग रीलमध्ये येत नाही.

घराचंही सांगतो. एका जातीचा बांबू कैक वर्षांनी एकदम फुलतो आणि डोंगरभर मरतो. पूर्वी पांडे उठून शेजारच्या खोऱ्यात जायचे. मग खोऱ्यांमध्ये शेतं आली, रस्ते आले. 1970 च्या दशकात मिनशानच्या डोंगरात असा फुलोरा आला तेव्हा शंभरावर पांडे मेलेले सापडले. पुढे झाडतोड थांबली, राखीव जंगलं वाढली, 2021 मध्ये मोठं राष्ट्रीय उद्यानही झालं. 2016 मध्ये धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत पांडाला ‘संकटग्रस्त’ मधून ‘असुरक्षित’ या जरा कमी धोक्याच्या गटात बढतीसुद्धा मिळाली.

राहिला फोटो. तो मात्र नीट चिकटवा: गोल तोंड, डोळ्यांभोवती काळी वर्तुळं. याच चेहऱ्यावर बोधचिन्हं होतात, परदेशी संग्रहालयं जोडीच्या भाड्यापोटी वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत मोजत आली आहेत. पांडाच्या जंगलांत लांडगे, बिबटे आणि कोळसून म्हणजे रानकुत्रेही होते. पांडासाठी राखलेल्या बहुतेक ठिकाणांहून कोळसून नाहीसा झालाय, पण त्याचं रील तुम्ही पाहिलेलं नसणार. तेव्हा चुकून कोळसुनाची योनी मिळालीच, तर वेळीच बदलीचा अर्ज करा आणि ताडोबा मागा.